न सुटणारे नट, न मिळणारे भाग

प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि त्यावरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आवळून धरणारे पोलादी स्टड या हेडमध्ये बसवलेले असतात, करंगळीहून बारीक. गाडी वीस-पंचवीस वर्षं धावली आणि मग दहा-पंधरा वर्षं कुठेतरी झाडाखाली उभी राहिली, की स्टडवरचे नट गंजून स्टडशी एकजीव होतात. अशा नटाला पाना लावून जोर केला तर तीनपैकी एक गोष्ट घडते. नट सुटतो, स्टड तुटतो, किंवा अख्खा स्टड अ‍ॅल्युमिनियमचे आटे ओरबाडून बाहेर येतो. नवा स्टड कोणताही चांगला टर्नर लेथवर करून देईल. कारखान्यातून नवं हेड येण्याचे दिवस मात्र संपले.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. एकमेकांत अडकलेल्या दोन भागांपैकी वाचवायचा कोणता आणि बळी द्यायचा कोणता? हा निर्णय आधी झाला की पुढची पायरी आपोआप ठरते: तेल घालायचं, तापवायचं, कापायचं की ड्रिल करायचं. निर्णय न घेता केवळ ताकद लावली तर निर्णय धातू घेतो आणि तुटतो तो बहुतेक वेळा कमजोर भाग. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्या झटापटीत कमजोर कोण, हे वेगळं सांगायला नको.

या प्रकरणासाठी पद्मिनी निवडण्यामागे कारण आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ या नावाने विकली गेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. आज ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या बहुतेक घरच्या गाड्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ बंद अवस्थेत. ज्या कुर्ल्यात या गाड्या जन्मल्या, त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्यांचे सुटे भाग शोधत लोक फिरतात. तिथे एखादं हेड मिळतंही, पण त्याचेही स्टड गंजलेले असतात. तेव्हा आपल्याच गाडीतला भाग न दुखावता काढता येणं हे कौशल्य खर्च वाचवण्यापुरतं राहत नाही. त्यावर गाडी पुन्हा उभी राहणार की नाही हे अवलंबून असतं.

नट जाम का होतो, हे समजून घेतलं तर अर्धं काम हलकं होतं. लोखंड गंजतं तेव्हा तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. मोकळ्या पत्र्यावर तो फुगून पापुद्रे सुटतात, पण आट्यांच्या फटीत फुगायला जागाच नसते. तिथे तो दोन्ही बाजूंवर दाब देत राहतो आणि पाचरीचं काम करतो. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद एकत्र असतील तर दुसराच प्रकार होतो. पावसाचं पाणी किंवा खाऱ्या हवेतला ओलावा दोन धातूंच्या मध्ये गेला की तिथे एक सूक्ष्म बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागतं. त्याची पांढरी भुकटी स्टडभोवती घट्ट बसते. ही भुकटी तेलाला फारशी दाद देत नाही. समुद्राकाठच्या गाड्यांत हा त्रास फार. त्यात २६ जुलै २००५ च्या पुरात बुडालेल्या गाड्या असतील तर विचारायलाच नको. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि मुंबईच्या सखल भागांतल्या गाड्यांच्या पोकळ्यांत शिरलेला गाळ अनेक ठिकाणी कधी धुतलाच गेला नाही.

तिसरं कारण जुन्या मिस्त्रींच्या हातांत शोधावं लागतं. पद्मिनी मूळची इटालियन गाडी, म्हणजे मिलीमीटरची. अँबॅसॅडर मूळची इंग्रज मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे इंचाची. ज्या गॅरेजमध्ये दोन्ही गाड्या यायच्या तिथे पान्यांची सरमिसळ व्हायची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलीमीटर. अर्ध्या इंची डोक्यावर १३ चा पाना बसतो, जोर लावला की सटकतो आणि डोक्याचे कोपरे खातो. चाळीस वर्षं असं झालं की षटकोनी डोकं जवळजवळ गोल होतं. कधी कधी चुकीच्या आट्यांचा बोल्टसुद्धा दाबून घुसवलेला सापडतो. एखादा बोल्ट दोन-तीन फेरे सहज फिरला आणि मग अडला, तर गंजापेक्षा हा संशय आधी घ्यावा. आणि काही नट मुळात उलट्या आट्यांचे असतात. जुन्या विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट तसे होते. सुटत नाही म्हणून पायाने पाना दाबणारा माणूस तिथे नट आणखी आवळतच असतो.

बोल्ट आवळताना दिलेल्या ताकदीचं काय होतं, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. ढोबळमानाने त्यातली निम्मी ताकद बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जाते, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि फक्त दहाएक टक्के बोल्ट ताणण्यात, म्हणजे त्याच्या खऱ्या कामात. सोडवतानाही हे घर्षणच आडवं येतं. म्हणून डोक्याखालची पकड मोडणं हे पहिलं काम. बोल्टच्या डोक्यावर सरळ, नेमके, मध्यम वजनाच्या हातोडीने ठोके द्यायचे. या ठोक्यांनी डोक्याखालचा आणि आट्यांमधला गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. ठोके देणं सोडून पान्यात लांब पाइप अडकवणं ही सगळ्यात महागडी घाई. ८ मिलीमीटरचा साधा ८.८ दर्जाचा बोल्ट आवळायला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. वीस सेंटिमीटरच्या पान्यावर साडेबारा किलोचा ओढा म्हणजे तेवढेच. त्याच ओढ्याने एक मीटरच्या पाइपवर १२५ होतात आणि बोल्ट त्याच्या कितीतरी आधी, दीड-दोन पटीतच पिळून तुटू शकतो. पाइप वापरणाऱ्या हाताला बोल्ट किती पिळला गेला हे जाणवत नाही. लहान पान्याला ते कळतं.

तेलाबद्दल फार भांडणं आहेत. आपल्याकडे जुन्या फिटरचं तेल म्हणजे रॉकेल, कधी डिझेल, कधी दोन्हींत थोडं इंजिन ऑइल. डब्ल्यूडी-४० चा डबा आता प्रत्येक गॅरेजमध्ये असतो. हे मिश्रण १९५३ मध्ये सॅन डिएगोच्या एका रासायनिक कंपनीने पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवलं आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर ते वापरलं गेलं. नावातच ते आहे: पाणी हटवणारं, चाळिसाव्या प्रयत्नात साधलेलं. जाम आट्यांत शिरण्यासाठी खास बनवलेली पातळ तेलं त्याहून बरी काम करतात. काही जण अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळतात. हे दोन द्रव एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते, आणि अ‍ॅसिटोन भडकन पेटतं हे विसरता येत नाही. माझं मत विचाराल तर कोणतं तेल यापेक्षा किती वेळा आणि किती दिवस हे जास्त महत्त्वाचं. कोणते नट काढायचे आहेत याची यादी आठवडाभर आधी करावी, रोज सकाळ-संध्याकाळ तेल सोडावं, चार ठोके द्यावेत आणि हात लावू नये. आधी तारेच्या ब्रशने आटे मात्र स्वच्छ करायचेच; चिखलावर ओतलेलं तेल चिखलच पितो.

सुटायला लागलेला नट एकाच दमात सोडवू नये. आधी किंचित आवळायच्या दिशेने नेऊन पाहावा. तेवढ्याने पकड सुटते. मग पाव फेरा सैल, थोडा परत, तेल, पुन्हा पाव फेरा. आट्यांतला गंज भुकटी होऊन बाहेर यायला अवकाश मिळतो. जबरदस्तीने पुढे रेटलं तर तीच भुकटी पुढच्या आट्यात साचते आणि अर्ध्यावर आलेला नट तिथेच कायमचा बसतो. पाना रिंगचा घ्यावा आणि सॉकेट सहा कोनांचंच. बारा कोनांचं सॉकेट खराब डोक्यावर हमखास सटकतं. दाराच्या बिजागऱ्यांचे किंवा पट्ट्यांचे स्क्रू असतील तर हातोडीच्या ठोक्याने फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा आणि त्याच्या टोकाला चिमूटभर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावावी. पेस्टमधल्या कणांमुळे टोक खाचेत पकडून राहतं.

हे करून नाही भागलं तर आग. इथे थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण गॅसची ज्योत हाती आली की माणूस धीट होतो आणि जुन्या गाडीत सगळ्यात मोठं नुकसान याच टप्प्यावर होतं.

पोलाद तापलं की वाढतं, पण किती? १० मिलीमीटरचा नट २०० अंशांनी तापवला तर त्याचं भोक सुमारे २४ मायक्रॉनने मोठं होतं, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. ऐकायला क्षुल्लक, पण गंजाची पकड मोडायला पुरेसं. यासाठी बाहेरचा भाग तापायला हवा आणि आतला त्या मानाने थंड राहायला हवा. ज्योत नटाभोवती फिरवायची, स्टडच्या टोकावर धरायची नाही. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये अडकलेला पोलादी स्टड काढताना हेडचा तेवढा भाग १००-१२५ अंशांनी तापवला तरी भोक स्टडपेक्षा जास्त फैलावतं आणि फट मिळते. तेवढ्यासाठी गरम हवेची बंदूक चालते, ऑक्सि-अ‍ॅसिटिलीनची गरज नाही. गॅसची ती ज्योत तीन हजार अंशांच्या वर असते आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. त्याहून वाईट म्हणजे वितळण्याआधी ते रंग बदलत नाही. लोखंड लाल होऊन सांगतं, अ‍ॅल्युमिनियम काहीच सांगत नाही आणि क्षणात खाली ओघळतं. पत्र्याचं काम करणारे जुने कारागीर यावर एक उपाय करतात. तापवायच्या जागी साबणाची रेघ ओढतात. रेघ काळी पडली की ज्योत बाजूला. आपल्या कामाला तेवढंही तापमान लागत नाही, म्हणून रेघ तपकिरी व्हायला लागली की थांबावं.

तापलेल्या नटावर तेल फवारणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्याऐवजी नट जरा निवू लागला की आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवावी. मेण वितळून फटीत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. नट गरम असतानाच सोडवायचा हट्ट करू नये. एकदा तापून निवला, पुन्हा तापून निवला, तर प्रसरण-आकुंचनातच गंज तडकतो.

काही गोष्टींजवळ ज्योत अजिबात नेऊ नये. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बंद नळी असते आणि तापली तर फुटते. दाबलेल्या स्प्रिंगचं तेच. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिच्यातली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोकादायक. ब्रेक साफ करायचे जे फवारे क्लोरिनयुक्त असतात ते ज्योतीत किंवा वेल्डिंगच्या ठिणगीत सापडले तर त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो, आणि हा वायू पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला होता. जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा असलेले बोल्ट तापवताना निघणारा धूर श्वासात जाऊ देऊ नये. आणि आगीशी संबंध नसला तरी इथेच सांगून टाकतो: जुन्या ब्रेक शूच्या आणि क्लचच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालावं. कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रम साफ करण्याची आपल्या गॅरेजांतली सवय घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावं आणि फडकं पिशवीत बांधून टाकावं.

आता स्टड तुटला असं समजू. तुटतोच कधीतरी, कितीही काळजी घेतली तरी. तुटलेला स्टड हेडच्या पातळीपासून थोडा वर असेल तर नशीब चांगलं. त्यावर आधी वॉशर, मग थोड्या मोठ्या मापाचा नट ठेवून नटाच्या भोकातून आतल्या स्टडला मिग वेल्डिंगने जोडायचं. पोलादाचं वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, म्हणून हेडला डाग पडण्याची भीती कमी. वेल्डिंगची खरी करामत जोडण्याहून तापवण्यात आहे. स्टड आतून लाल होतो, निवताना आक्रसतो आणि पकड सुटते. लाली गेल्यावर नट सावकाश पुढे-मागे हलवत फिरवला की पुष्कळदा स्टड मऊपणे बाहेर येतो. पहिला नट तुटून आला तर दुसरा लावावा. चार-पाच वेळा करावं लागलं तरी कंटाळू नये, कारण प्रत्येक वेळी आतला स्टड तापून निवतो.

स्टड पातळीखाली तुटला असेल तर ड्रिल. यात अवघड काय ते मध्य साधणं. तुटलेला पृष्ठभाग खडबडीत असतो आणि ड्रिलचं टोक मऊ धातूकडे, म्हणजे नेमकं अ‍ॅल्युमिनियमकडे, सरकतं. आधी तो कानशीने किंवा ग्राइंडरच्या बारीक दगडाने सपाट करावा, भिंगातून पाहून मध्य ठरवावा आणि पंच मारावा. मॅनिफोल्डच हाताशी असेल तर त्याच्या भोकात घट्ट बसेल असं एक बुश लेथवर करून घ्यावं आणि त्यातून ड्रिल चालवावं. मध्य आपोआप सांभाळला जातो. उलट दिशेने फिरणारी, डाव्या आट्यांची ड्रिल मिळाली तर उत्तम. ती कापत असतानाच सोडवायच्या दिशेने ओढते आणि कधी कधी स्टड ड्रिलसोबतच बाहेर येतो. आलाच नाही तर भोक हळूहळू वाढवत न्यायचं. ८ मिलीमीटरच्या, सव्वा मिलीमीटर चालीच्या आट्यांसाठी मूळ भोक ६.८ मिलीमीटरचं असतं. त्याच्या जरा अलीकडे थांबलं की स्टडचा उरलेला भाग स्प्रिंगसारखा वळलेला आट्यांत राहतो. टोकदार आकड्याने तो ओढून काढता येतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे मूळ आटे शाबूत राहतात.

बाजारात ‘इझी-आउट’ नावाचं उलट्या आट्यांचं निमुळतं हत्यार मिळतं. ते भोकात ठोकून फिरवायचं असतं. मी ते हेडवर वापरत नाही. ज्या स्टडला जाड नट-पान्याने सोडवता आलं नाही, तो त्याच्या पोटातल्या बारीक, कडक, ठिसूळ दांड्याने सुटेल ही अपेक्षाच चुकीची. शिवाय निमुळती दांडी आत रुतते तसा स्टड आतून फुगतो आणि पकड वाढते. इझी-आउट आतच तुटला तर पुढचं ड्रिलही चालत नाही, कारण तो ड्रिलइतकाच कडक.

तरीही मार्ग राहतात. पहिला म्हणजे स्पार्क इरोजन. सोव्हिएत संघातल्या बोरिस आणि नताल्या लाझारेंको या शास्त्रज्ञ दांपत्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विजेच्या संपर्कबिंदूंची ठिणग्यांमुळे होणारी झीज थांबवण्याचा अभ्यास चालवला होता. झीज थांबली नाही, पण ठिणगीने धातू नेमकेपणाने खाता येतो हे त्यांना दिसलं आणि १९४३ मध्ये त्यातून एक यंत्रपद्धत उभी राहिली. रॉकेलसारख्या वीज न वाहणाऱ्या द्रवात तांब्याची कांडी तुटलेल्या तुकड्याजवळ आणायची. दर सेकंदाला हजारो ठिणग्या उडून तुकडा कणाकणाने झडतो. धातू कितीही कडक असला तरी फरक पडत नाही आणि भोवतालच्या आट्यांना धक्का लागत नाही. पुण्याजवळ भोसरीत, ठाणे-वसईकडे साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये ही यंत्रं असतात. हेड उतरवून तिथे न्यावं लागतं, पण एका न मिळणाऱ्या हेडपुढे तो खर्च काहीच नाही.

दुसरा मार्ग घरातला आहे: तुरटी. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची ही जुनी युक्ती. पितळी पट्टीत तुटलेला पोलादी स्क्रू काढायचा तर ते पट्टी तुरटीच्या गरम, दाट द्रावणात ठेवतात. द्रावण किंचित आम्लधर्मी असतं. ते पोलाद हळूहळू खातं आणि पितळेला जवळजवळ हात लावत नाही. अ‍ॅल्युमिनियममध्ये तुटलेल्या टॅप-ड्रिलसाठीही हे चालतं. मात्र अख्खं हेड बुडवायचं नाही. व्हॉल्व्हच्या सीट आणि गाइड लोखंडी असतात आणि तुरटी त्यांनाही खाईल. भोकाभोवती एपॉक्सी पुट्टीचं, रोपाभोवती करतो तसं आळं करायचं, त्यात द्रावण ओतायचं, गरम ठेवायचं आणि काळं पडलं की बदलत राहायचं. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको. जाड स्टडला यात कित्येक दिवस लागतात. बारीक तुकड्यांसाठी मात्र याच्याइतका सौम्य मार्ग मला दुसरा माहीत नाही.

आटे गेलेच असतील तर हेड बाद झालं असं समजू नये. भोक मोठं करून, खास टॅपने नवे आटे पाडून त्यात पोलादी तारेचं वेटोळं, म्हणजे हेलिकॉइल, बसवतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये असे आटे मूळच्या आट्यांपेक्षा मजबूत असतात.

बळी कोणाचा द्यायचा हा प्रश्न बाकी ठिकाणी सोपा असतो. ब्रेकच्या लोखंडी नळ्या तशाही नव्या टाकायच्याच असतात. त्यांचे नट जाम असतील तर नळी सरळ कापून टाकावी आणि नटावर सहा कोनांचं सॉकेट पूर्ण बसवावं. मागच्या स्प्रिंगचे यू-बोल्ट सोडवत बसू नये, कापावेत. पुढच्या काचेचं रबर ब्लेडने चिरावं. काच वाचवायची आहे, कडक झालेलं रबर नाही. नट साधा असेल आणि स्टड ठेवायचा असेल तर नट फोडण्याचं हत्यार वापरावं किंवा छिन्नीने नटाची एक बाजू चिरावी. ब्रेकचा ड्रम निघत नसेल तर हातोडा घेण्याआधी शू आतून सैल करावेत. ड्रमच्या आतल्या कडेला झिजून उंबरा तयार झालेला असतो आणि शू त्यालाच अडतात. बिडाच्या ड्रमच्या काठावर मारलेला एक घाव त्याला तडा देतो. स्टीअरिंगचे सांधे निमुळत्या खिळीवर बसलेले असतात आणि तिथे गंजापेक्षा निमुळतेपणाची पकड असते. नट दोन फेरे सैल करून तिथेच ठेवावा आणि ज्या डोळ्यात खिळ बसली आहे त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच क्षणी दोन हातोड्यांनी मारावं. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि खिळ टप्पकन सुटते. नट काढून टाकला असता तर सांधा निसटून पायावर आला असता.

इंजिन जाम असेल तर गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढायची पद्धत सर्रास आहे. ती मोडायला हवी. सिलिंडरमध्ये चिकटलेल्या रिंगा अशा झटक्याने तुटतात, पिस्टन फुटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतावं, दोन-तीन आठवडे वाट पाहावी, मग फ्लायव्हीलच्या दात्यांवर पट्टीने हलकेच पुढे-मागे नेऊन पाहावं. हललं नाही तर हेड उतरवून वरून लाकडी ठोकळ्याने ठोके द्यावेत. इथेही बळी ठरलेला आहे: पिस्टन. ब्लॉकमध्ये नवे लायनर बसवता येतात. हेडच उचललं जात नसेल आणि क्रँक फिरत असेल तर प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी सिलिंडरमध्ये भरावी आणि क्रँक हाताने फिरवावा. वर येणारा पिस्टन दोरीच्या गादीवरून हेडला आतून ढकलतो. स्क्रूड्रायव्हर घालून हेड उचकटलं तर गॅस्केटच्या सपाट पृष्ठभागावर जो ओरखडा पडतो तो नंतर मशीनवर घासूनच काढावा लागतो.

पत्र्याबद्दल वेगळं प्रकरण पुढे आहे, पण काढण्याच्या कामापुरती एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. पद्मिनीला वेगळी चासी नाही. सगळा पत्रा मिळूनच सांगाडा होतो. दाराखालचा कुजलेला सिल जो भार उचलतो तो कापून टाकला की दाराची चौकट बसते आणि पुढे दार कधीच नीट लागत नाही. म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या नळ्या वेल्ड करून घ्याव्यात, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात आणि एका वेळी एकच बाजू कापावी. कुजलेला तुकडा निघाल्यावर फेकू नये. नवा पत्रा वाकवताना तोच नमुना असतो. मी तर भोक पडलेला, अर्धा उरलेला तुकडाही रंग पूर्ण होईपर्यंत ठेवतो.

घासताना चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक कोरलेल्या जागांना ग्राइंडर लावू नये. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले चालत नाहीत. डिलाइट आणि प्रेसिडेंटच्या काळातल्या गाड्या आता या वयात आल्या आहेत. गंजासोबत क्रमांकही पुसला गेला तर गाडीची ओळख सिद्ध करणं फार कठीण होतं. त्या जागी तारेचा मऊ ब्रश आणि गंज उतरवणारा द्रव एवढंच.

काढलेला प्रत्येक बोल्ट कुठला, किती लांबीचा, त्याखाली कोणता वॉशर, हे कागदावर लिहून तो कागद बोल्टसोबतच पिशवीत टाकावा आणि सोडवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो घ्यावेत. गाडी उकलून पुन्हा जोडेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तुटलेला स्टडसुद्धा ठेवावा. टर्नरला लांबी आणि आट्यांची चाल त्याच्यावरूनच मिळते.

मॅनिफोल्डचे नवे नट पितळेचे घ्यावेत. ते पोलादी स्टडशी गंजून एकजीव होत नाहीत आणि वेळ आली तर स्टडच्या आधी स्वतः सुटतात. स्टडच्या आट्यांना उष्णता सोसणारं तांब्याचं वंगण पातळ लावावं. वंगणामुळे घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो, म्हणून आवळताना पुस्तकात दिलेल्या टॉर्कच्या जरा अलीकडेच थांबावं. मधल्या नटांपासून सुरुवात करून बाहेरच्या नटांकडे जावं, तेही एका दमात न आवळता दोन-तीन फेऱ्यांत. इंजिन पहिल्यांदा पुरतं तापून थंड झालं की गॅस्केट दबलेलं असतं, त्यामुळे त्याच क्रमाने सगळे नट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.